आठव्या वाढदिवसाची दुर्बीण : आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये लेक आठ वर्षांची झाली. माळ्यावर दोन खोकी भरून खेळणी आधीच पडली होती, निम्म्यांचे सेल संपलेले. म्हणून यंदा घरच्यांना आधीच सांगून टाकलं, वेगवेगळं काही आणू नका, द्यायचं ते एकत्र करू आणि एकच वस्तू घेऊ. आत्याने तरी बाहुली आणलीच. बाकी सगळ्यांचे मिळून तीन हजार आठशे जमले, त्यातून ८×३० ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं असलेली, दुर्बीण घेतली. खरी, मोठ्यांची. प्लॅस्टिकच्या भिंगाची खेळण्यातली मला नकोच होती, तिच्यातून समोरची इमारतही धड दिसत नाही.

पहिले बारा दिवस वाईट गेले. ती दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "बाबा, दोन गोल दिसतायत." मी लावली की एकच गोल, चित्र लख्ख. नीट धर, हलवू नकोस, फोकस फिरव, असं मी सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिने ती न बोलता टेबलावर ठेवली आणि आत्याची बाहुली घेऊन बसली. ते मला फार लागलं.

दुकानात गेलो. दुकानदाराने लावून पाहिली, म्हणाला एकदम ओके आहे, आणि बदलून द्यायची सात दिवसांची मुदतही उलटली आहे. दुर्बीण आपटली की आतलं प्रिझम सरकतं आणि एकाचे दोन दिसतात, हे मला माहीत होतं. त्यामुळे माल खराबच आहे, यावर मी अडून बसलो. आवाज चढले. दुर्बीण घेऊन तसाच परत आलो.

दोष घरी सापडला, तिच्या कंपासपेटीतल्या पट्टीने. दुर्बीण पूर्ण मिटवली तरी डोळे लावायच्या दोन भिंगांच्या मध्यांमध्ये ५७ मिलिमीटर अंतर राहत होतं. तिच्या दोन बुबुळांमधलं अंतर ५३. मोठ्या माणसाचं बहुधा साठ मिलिमीटरच्या पुढे असतं, म्हणून मला काही कळलंच नाही. चार मिलिमीटर! माल खराब नव्हता, तिथे मी चुकलो. पण खोक्यावर किती पट मोठं दिसतं ते आहे, भिंगाचा व्यास आहे, वजन आहे, हा एक आकडा मात्र नाही. मूल समोर उभं असताना विकणाऱ्याने तिच्या डोळ्यांना एकदा लावूनही पाहिली नाही. याचा राग अजून गेलेला नाही. लहान मुलासाठी घेताना बाकी सगळं नंतर, आधी दुर्बीण मिटवून पट्टी लावा.

ऑक्टोबरमध्ये चौदाशे रुपयांत ८×२१ घेतली. मध्ये दोन बिजागऱ्या असलेली, मिटवली की ५० च्या आत येते. खिशात मावते. भिंग लहान, त्यामुळे संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर अंधुक दिसतं. पण मुलं पक्षी बघतात ते सकाळीच. गळ्यातली नायलॉनची दोरी मानेला काचायची, ती काढून आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी शिवली. एक नियम पहिल्या दिवसापासून कडक आहे : सूर्याकडे दुर्बीण कधीच धरायची नाही.

जानेवारीत पुण्यात हडपसरच्या पुढे कवडीपाटला पक्षी बघायला गेलो. नदीत फेस होता, वासही होता. तिला त्याचं काही नव्हतं. बंधाऱ्यापाशी शेकाट्या पक्षी उभा होता, ती बराच वेळ हलली नाही आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, पायावरून पाणी ओघळतंय त्याच्या." लालचुटूक, काडीसारखे पाय. पलीकडे चक्रवाक बदकांची जोडी होती, नारिंगी, लडाख-तिबेटकडून हिवाळ्यापुरती आलेली. एवढ्या लांबून ते उडत आले हे तिला पटेना, घरी येऊन तिने नकाशात बोटाने अंतर मोजलं. वहीत आता ३१ पक्षी आहेत. शेवटचा बाल्कनीतल्या जास्वंदीवरचा शिंजीर. तो इतका जवळ होता की फोकस होईना, म्हणून ती मागे सरकत सरकत स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि तिथून त्याच्या छातीवरची काळी रेघ तिला दिसली.

बाहुली कुठे आहे, कुणालाच माहीत नाही. मोठी दुर्बीण आजोबांकडे आहे, पण ती तिचीच आहे असं ठरलंय. दर एक तारखेला लेक कंपासपेटीतली पट्टी घेऊन येते आणि डोळे ताठ उघडे ठेवून समोर बसते. फेब्रुवारीतही ५३च भरले.