फॅन्टसी प्रीमियर लीग: हिरव्या रंगावर किती भरवसा ठेवायचा?

"किती लावले भो?" मोबाइलवर टीम लावताना दिसलो की सावद्याच्या स्टँडवर हा प्रश्न हमखास येतो. एक रुपयाही लावलेला नसतो. फॅन्टसी प्रीमियर लीग हा इंग्लंडच्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा अधिकृत खेळ पूर्ण फुकट आहे: खऱ्या खेळाडूंची टीम लावायची, ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायदा आला, तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच पोरांचे क्रिकेटचे ॲप थंड पडले. याला त्याची झळ लागायचं कारणच नव्हतं. इथे हरलं तर फक्त इज्जत जाते, तीही भाच्यासमोर.

नियम थोडक्यात. खेळातले 100 मिलियन पौंड आणि 15 खेळाडू: दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. त्यातले 11 उतरवायचे, कॅप्टनचे गुण दुप्पट. आठवड्याला एक ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूची अदलाबदल, फुकट, वापरली नाही तर पाचपर्यंत साठते. त्यापुढच्या प्रत्येक बदलाला चार गुण कापतात.

मी एका केळी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघतो, म्हणून मला आधी भावाचा भाग आवडला. खेळाडूचा भाव रात्रीतून बदलतो, अगदी आपल्या केळीसारखा. सकाळी उठून बघावं तर कालचा आकडा नाही. तो खेळला कसा यावर भाव थेट चढत नाही, किती जण त्याला घेताहेत यावर चढतो. आणि विकताना वाढलेल्या भावातला निम्माच नफा हाती पडतो. व्यापाऱ्याला हे लगेच कळतं, म्हणून सगळे धावताहेत तिकडे आपणही धावायचं, हे मी करत नाही.

आता मुद्द्याचं. दर आठवड्याला कोणाला उतरवायचं हे ठरवायला ॲपमध्ये प्रत्येक सामन्याला एक ते पाच असा अवघडपणाचा आकडा दिलेला असतो. सोपा सामना हिरवा, मधला राखाडी, अवघड लाल. माझा भाचा जळगावला इंजिनीअरिंग करतो. त्याचं शास्त्र एवढंच: "मामा, हिरवं दिसलं की खेळव." सुरुवातीला हे बरं आहे. 2023-24 आणि 2024-25, दोन्ही हंगामांत खालच्या लीगमधून वर आलेल्या तिन्ही टीम परत खाली गेल्या. त्यांच्यासमोर कोणालाही कॅप्टन केलं तरी बरेचदा चालून जायचं. मँचेस्टर सिटीच्या हालांडनं 2024 च्या ऑगस्टमध्ये नव्यानं आलेल्या इप्सविचला तीन गोल मारले होते.

पण रंग टीमचा असतो, खेळाडूचा नसतो. समोरचा बॅक सावकाश आहे का, त्यांची डिफेन्सची लाइन वर चढून उभी राहते का, कॉर्नरला ते गोंधळतात का, यातलं काहीच त्या रंगीत चौकोनात दिसत नाही. 28 सप्टेंबर 2024 चा चेल्सी-ब्रायटन सामना घ्या. ब्रायटन काही लेचीपेची टीम नव्हती. पण त्यांचे डिफेंडर इतके वर येऊन उभे होते की मागे मोकळं मैदान पडलेलं, आणि चेल्सीच्या कोल पामरला नेमकं तेच हवं असतं. पहिल्या हाफमध्येच त्याचे चार गोल झाले. प्रीमियर लीगमध्ये असं आधी कोणी केलं नव्हतं. सामना बघणाऱ्याला खेळाडू आणि समोरच्या टीमची ही जोडी दिसते, चौकोन बघणाऱ्याला नाही.

आर्सेनलच्या कॉर्नरचंही तसंच. डिफेंडरच्या गोलला सहा गुण, फॉरवर्डच्या गोलला चारच. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला 2-0 हरवलं, दोन्ही गोल कॉर्नरवरून, टिंबर आणि सलिबाचे. म्हणजे दोघांचेही गोलचे सहा-सहा आणि वर क्लीन शीटचे, म्हणजे टीमनं गोल न खाल्ल्याचे, चार-चार. समोरची टीम हवेतल्या बॉलला कच्ची असेल तर मी महागडा फॉरवर्ड सोडतो आणि आर्सेनलचा उंच सेंटर-बॅक घेतो. भाचा याला म्हातारपण म्हणतो.

उलटंही होतं. 2025-26 ला संडरलँड वर आली, तेव्हा गेल्या दोन वर्षांच्या सवयीनं सगळे त्यांच्यावर गोल मोजायला बसले. ऑक्टोबरात त्यांनी चेल्सीला चेल्सीच्याच मैदानात 2-1 नं हरवलं. नोव्हेंबरात आर्सेनलशी 2-2. त्याआधी आर्सेनलनं कितीतरी सामने गोलच खाल्ला नव्हता, म्हणून लोकांनी त्यांचे दोन-दोन, तीन-तीन डिफेंडर भरलेले. पहिला गोल कोणाचा, तर आर्सेनलच्याच अकादमीत वाढलेल्या बॅलर्डचा! त्या रात्री आमच्या लीगच्या ग्रुपवर फक्त शिव्या होत्या, त्याही लेवा बोलीत.

2025-26 पासून एक नियम नवा आला आणि त्यानं लाल रंगाचा अर्थच बदलला. डिफेंडरनं एका सामन्यात क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन, टॅकल अशी बचावाची कामं मिळून 10 केली की दोन गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला 12 लागतात, पण परत मिळवलेले बॉलही त्यात धरतात. आता एव्हर्टनच्या टारकोव्स्कीसारख्याचा विचार करा. समोर सतत क्रॉस टाकणारी मोठी टीम असेल तर क्लीन शीट जवळजवळ गेलीच, पण नव्वद मिनिटं बॉल डोक्यानं बाहेर काढून तो दोन गुण घेऊन येतो. स्वस्त गोलकीपरचंही तेच, दर तीन सेव्हला एक गुण. बाकावर कोण ठेवायचा हे रंगावरून ठरवणाऱ्याचे हे गुण बाकावरच राहतात. राहतात म्हणजे अगदीच नाही. उतरवलेला खेळाडू एक मिनिटही खेळला नाही तर बाकावरचा आपोआप आत येतो. त्यामुळे बाकाचा क्रमही नीट लावा, बहुतेक जण लावत नाहीत.

जादा ट्रान्सफरचे चार गुण कापून घेऊन अशी जोडी साधायची का? क्लीन शीटसाठी तरी नाही. ती मिळतेच चार गुणांची; कापलेले चार वजा केले की हातात शून्य. गोलची आशा असेल तर गोष्ट वेगळी.

ॲपवर माझा राग एवढाच: खेळाडूचे अपेक्षित गोल, अपेक्षित असिस्ट सगळं देतात, पण समोरची टीम डावीकडून जास्त गोल खाते की उजवीकडून, एवढी साधी गोष्ट देत नाहीत. ती सामने बघूनच शोधायची. ॲप मराठीत नाही, हिंदीतही नाही. त्यानं फारसं अडत नाही, आकडे तर सगळ्यांना कळतात.

वेळेचं मात्र सांभाळा. टीम लावायची डेडलाइन आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी. शनिवारी तिकडे साडेबाराला सामना असला तर डेडलाइन उन्हाळी घड्याळात आपल्याकडे दुपारी साडेतीन, थंडीत साडेचार. शुक्रवारी रात्री आठचा सामना आला की थंडीत डेडलाइन थेट आपल्या मध्यरात्री. भरीत पार्टीच्या दिवसांतच हे येतं, तेव्हा शेतावर निघण्याआधीच टीम लावून मोकळं व्हा. तिथे रेंजचा भरवसा नाही.

हंगामाच्या मध्येच सुरू करायचं असेल तरी हरकत नाही. मित्रांची वेगळी लीग काढता येते आणि तिचे गुण ठरवलेल्या आठवड्यापासून मोजता येतात, त्यामुळे जुन्यांची आघाडी आडवी येत नाही. फक्त 2025-26 पासून वाइल्डकार्डसकट (त्या आठवड्यात हवे तितके बदल फुकट) सगळ्या चिपचे, म्हणजे मोजक्याच वेळा वापरायच्या खास सवलतींचे, दोन संच झालेत. पहिला संच 19 व्या गेमवीकच्या (खेळाच्या आठवड्याच्या) डेडलाइनआधी वापरला नाही तर गेला, पुढे नेता येत नाही.