साडेआठ इंचांची फसवणूक

बाबांनी १९८२ साली दादर पारशी कॉलनीतल्या एका गृहस्थांकडून ट्रायम्फ स्पिटफायर ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. १९६८ची, मार्क थ्री. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ती कलिन्याला आमच्या सोसायटीत उभी होती. मिठी नदीचं पाणी सीटच्या वर चढलं. इंजिन आम्ही लगेच खोलून वाचवलं, चासीकडे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याकडे, मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. तिचे दांडे आतून पोकळ, पेटीसारखे. त्यांत शिरलेला गाळ तसाच राहिला आणि त्या ओलाव्याने चासी वर्षानुवर्षं आतून गंजत गेली. बाहेरचा रंग शाबूत होता. बाबा गेल्यावर गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून कामाला काढली, तेव्हा मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलजवळ स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला.

पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजात काम दिलं. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. मालक म्हणाला, "साहेब, ठिगळं लावून काही उपयोग नाही. इंग्लंडहून नवी चासी मागवतो, आयुष्यभर बघायला नको." ३ लाख ८० हजार ठरले. २ लाख ॲडव्हान्स दिला, त्यातले दीड लाख रोख. बिल मागितलं तर "माल आला की देतो" म्हणाला आणि वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला. माल परदेशातून येतो तर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री असणारच, ते दाखवा, एवढं मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

तीन महिन्यांनी मोबाइलवर फोटो आला. काळीभोर, चकचकीत चासी. बघायला येतो म्हटलं तर "आज पेंटरचं काम चालू आहे, उद्या या" असं करत त्याने आठवडा काढला. शेवटी गेलो तेव्हा बॉडी चासीवर बसवून बोल्ट आवळलेले होते. जुनी चासी कुठे आहे विचारलं. "भंगारात दिली, जागा अडत होती." मला न विचारता. तेव्हाच माझ्या पोटात कालवाकालव झाली होती, पण गाडी चाकांवर उभी पाहिली, बाबांची आठवण आली आणि मी गप्प राहिलो.

गाडी घरी आली. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा वर उचलून लावावा लागे. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. अलाइनमेंट दोनदा केलं, तरी जेमतेम सहाशे किलोमीटरमध्ये मागचं डावं टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झालं. मालकाचं एकच उत्तर: "जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच."

शेवटी परळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आयुष्यभर हेराल्डवर, म्हणजे ट्रायम्फच्याच दुसऱ्या गाडीवर, काम केलेलं. गाडी रॅम्पवर चढवली आणि एक लोहचुंबक चासीच्या मधल्या दांड्यावरून हळूहळू सरकवत नेलं. गिअरबॉक्सच्या थोडं मागे ते सुटून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. मिस्त्रींनी पत्र्याच्या पातीने तिथला जाड काळा थर खरवडला. खाली बोटभर पुट्टी, आणि पुट्टीखाली दांड्याच्या चारही बाजूंनी सरळ गेलेला वेल्डिंगचा जोड. आतून आधाराची पट्टीसुद्धा नाही. बाजूला ग्राइंडरने घासलेल्या गोल खुणा होत्या. त्यांवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे बघा, हेराल्डचे बाजूचे दांडे इथून छाटलेत."

स्पिटफायरची चासी मुळात हेराल्डच्याच चासीवरून बेतलेली. मद्रासला १९६१पासून स्टँडर्ड हेराल्ड बनत होती, त्यामुळे हेराल्डच्या चासी आपल्याकडे जुन्या बाजारात अजून मिळतात; स्पिटफायरची मिळणं कर्मकठीण. हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साडेएक्याण्णव इंच, स्पिटफायरचा ८३. मधले साडेआठ इंच कापायचे, दोन तुकडे जोडायचे, वर काळा रंग मारायचा की झाली इंग्लंडची चासी. हेराल्डमध्ये बाजूचे दांडेही भार घेतात. स्पिटफायरमध्ये ते नाहीत, सगळी मदार मधल्या कण्यावर आणि बॉडीच्या दरवाजाखालच्या पत्र्यावर. आणि जोड नेमका त्या कण्यात. या गाडीत मी माझ्या मुलीला शेजारी बसवून पूर्व द्रुतगती मार्गावर गेलो होतो. तो जोड वेगात उकलला असता तर काय झालं असतं, या विचाराने आजही रात्री जाग येते.

मिस्त्रींनी चार ठिकाणांहून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि टेपने तिरकं माप घेतलं. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. २२ मिलिमीटरचा फरक आला. अर्ध्या तासाचं काम. चासी उघडी असताना हे कुणालाही करता येतं, म्हणूनच माझ्या डोळ्यांसमोर ती उघडी येऊ दिली नाही. तुमची गाडी कुठे दिली असेल तर बॉडी चढवण्याआधी, रंग मारण्याआधी स्वतः जाऊन मापं घ्या. "उद्या या" म्हणाले तर आजच जा. आणि जुनी चासी कितीही सडलेली असो, घरी आणा. ती माझ्याकडे असती तर दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवता आला असता.

आणखी एक नुकसान. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदणी होते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चासीत फेरफार नको. बाबांच्या गाडीला तो नंबर घ्यायची माझी फार इच्छा होती. आता कापून जोडलेल्या चासीवर त्या अर्जावर मी सही कशी करू?

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका. माझ्याकडे यूपीआयने दिलेल्या ५० हजारांचीच नोंद आहे. रोखीच्या दीड लाखासाठी तो वहीचा कागद, त्यावर त्याची सहीही नाही. बॉडी परत उतरवून परळला ड्रमांवर ठेवली आहे. जोडाचे, पुट्टीचे आणि खडूच्या मापांचे फोटो मी जपून ठेवलेत. कुणी तुम्हाला स्पिटफायरची नवी चासी देऊ करत असेल तर पैसे देण्याआधी ते बघून जा.