पहिलं सिझर झालंय. आता पुन्हा सिझर की नॉर्मलचा प्रयत्न?

आधी मागच्या वेळची ऑपरेशनची नोंद मिळवा. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून गर्भपिशवीवरचा छेदही आडवाच असेल असं नाही. तो वरच्या भागात उभा असेल, पूर्वी पिशवी फाटलेली असेल किंवा या वेळी वार (प्लासेंटा) पिशवीच्या तोंडावर असेल, तर निवडीचा प्रश्नच नाही. सिझर करावं लागतं.

छेद खालचा आणि आडवा असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न 100 पैकी साधारण 72 ते 75 जणींना साधतो. आधी एखादी नॉर्मल डिलिव्हरी झाली असेल तर 85 ते 90 जणींना. मोठा धोका जुना टाका कळांत उसवण्याचा: 200 जणींत सुमारे एकीला. कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या सलाइनने हा धोका दोन-तीन पट होतो, आणि मागच्या खेपेनंतर दीड वर्षाच्या आत बाळंतपण आलं तरी वाढतो. उसवण्याची पहिली खूण बहुधा बाळाचे ठोके बिघडणं हीच असते. म्हणून ठोक्यांवर सतत नजर हवी, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी हवं. बोलावल्यावर तासाभराने भूलतज्ज्ञ येणारं नर्सिंग होम या कामाचं नाही. प्रयत्न फसला तर कळा सोसून वर घाईचं सिझर, आणि त्यात जंतुसंसर्ग व रक्तस्राव ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त.

ठरवून केलेल्या सिझरमध्ये टाका उसवण्याची भीती जवळजवळ उरत नाही. पण तारीख 39 आठवडे भरल्यावरचीच घ्या. मुहूर्तासाठी 37व्या आठवड्यात काढलेल्या बाळाच्या फुप्फुसातलं पाणी काही वेळा नीट शोषलं गेलेलं नसतं, मग धाप लागते, आणि मुहूर्ताचं बाळ काचेच्या पेटीत जातं. 39 आठवडे भरल्यावरही हा त्रास 100 पैकी चार-पाच बाळांना होतो; नॉर्मलला दोन-तीन.

सिझरची खरी किंमत पुढच्या गरोदरपणात कळते. वार जुन्या व्रणात रुतून बसते आणि सुटत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत हे तिसऱ्या सिझरला हजारात सुमारे 6 जणींना, चौथ्याला 21 जणींना आढळलं. वार खाली तोंडावर असेल, तर तिसऱ्या सिझरला 100 पैकी 40. अशा वेळी रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या लागतात आणि बऱ्याचदा पिशवीच काढावी लागते. शिवाय प्रत्येक सिझरनंतर आतले अवयव एकमेकांना चिकटत जातात, त्यामुळे पुढच्या वेळी मूत्राशयाला इजा होऊ शकते.

दुसऱ्या बाळाबरोबरच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन नक्की असेल, तर सिझरची ही पुढची किंमत तुम्हाला मोजावी लागत नाही. तिसरं मूल मनात असेल, तर आमचा कल नॉर्मलच्या प्रयत्नाकडे. काहीही ठरवा, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार जुन्या टाक्यावर आहे का, हे मुद्दाम विचारा. असेल तर रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयात तेव्हाच नाव नोंदवा.