दोन काडतुसांची मर्यादा: दुनाळी बारा बोअर बंदुकीचे परीक्षण

घाटंजी तालुक्यातील आमच्या शिवारात तूर फुलोऱ्यावर येऊ लागली की रानडुकरांचे कळप आणि रोही (नीलगाई) यांच्यापासून पीक राखणे हे निंदण-डवरणीइतकेच नेमाचे काम होऊन बसते. त्या जागलीसाठी पीक संरक्षणाच्या परवान्यावर माझ्याकडे असलेल्या दुनाळी बारा बोअर बंदुकीचे हे परीक्षण आहे. बंदूक मूळची वडिलांची. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले म्हणजे ते वारसाच्या नावे करता येते, अशी तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे, आणि तिच्याखाली रीतसर परवाना काढून मी ती घेतली. तत्पूर्वी नवी पंप अ‍ॅक्शन (मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलणारी एकनळी बंदूक) घ्यावी काय, याचा पुष्कळ विचार केला आणि ती दुकानात हाताळूनही पाहिली. तिच्याबद्दल प्रत्येकाने सांगितलेले आकर्षण एकच होते, ते म्हणजे तिच्यात काडतुसे अधिक मावतात.

आधी दुनाळीविषयी. दोन नळ्या शेजारी शेजारी आहेत. पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा. उजवीचे तोंड मोकळे आहे, डावीचे किंचित आवळलेले आहे, त्यामुळे डावीचे छर्रे दूरवर कमी पांगतात आणि जनावर किती अंतरावर आहे ते पाहून कोणता चाप ओढायचा हे ठरवता येते. वजन तीन किलोंच्या पुढे असल्याने रात्रभर खांद्यावर ती जाणवते. बार झाल्यावर वरची कळ अंगठ्याने सारली की नळ्या बिजागरीवर खाली झुकतात, रिकामी काडतुसे थोडीशी वर उचलली जातात आणि ती नखांनी धरून ओढून काढावी लागतात. जुन्या कागदी कवचाची काडतुसे पावसाळी दमटपणाने फुगत आणि नळीतच अडकून बसत. प्लास्टिकच्या कवचांनी तो त्रास बहुतांशी संपवला. दिवसा हे सारे काही सेकंदांत उरकते. पौषातल्या थंडीत, बधिर बोटांनी, बॅटरी दातात धरून तेच करायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बंदूक निकामी असते.

ही तिची उणीव म्हणून सांगितली जाते आणि ती खरीही आहे. तथापि याच रचनेचा एक गुण असा की, नळ्या झुकवून बंदूक हातावर टाकली म्हणजे आत काडतूस आहे की नाही हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही दिसते. धुऱ्याधुऱ्याने चार मचाणांवर चार कुटुंबांची जागल चालू असताना हा गुण मला फार मोलाचा वाटतो. बाकी तक्रारी किरकोळ आहेत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता ऐन तुरीच्या हंगामात आली, बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली आणि परत मिळाली तेव्हा नळ्यांवर गंज चढलेला होता. त्यात बंदुकीचा दोष नाही.

शेजारच्या शेतकऱ्याचे म्हणणे मात्र निराळे होते. “दोन बारानं काय होते, भाऊ? पाचबारीच घ्या ना,” असे तो मला वर्षभर सांगत होता. पंप अ‍ॅक्शनमध्ये नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक भरलेली असतात आणि हातातली मूठ मागे-पुढे ओढली की रिकामे बाहेर, भरलेले आत, असे काम होते. यंत्र म्हणून ती उत्तम आहे. परंतु वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळवून, दिलेल्या अटींत राहून, पिकात शिरलेल्या डुकरावर जेव्हा बार टाकला जातो, तेव्हा पहिल्या आवाजासरशी कळप तुरीत घुसतो आणि दुसरा बार टाकेपर्यंत दिसत असते ती फक्त हलणारी झाडे. तिसरा, चौथा आणि पाचवा बार हा जनावरावर नसून हलणाऱ्या तुरीवर असतो, आणि त्या तुरीच्या पलीकडे दुसऱ्याचा मचाण असतो. दोन काडतुसांनंतर येणारी सक्तीची उसंत मला थांबवते, कान देऊन ऐकायला लावते. पंप अ‍ॅक्शन मी नाकारली ती एवढ्याचसाठी.

आता याच प्रश्नाचे मोठे रूप. अमेरिकेतील सामूहिक गोळीबाराची बातमी आली की, एका वेळी अधिक गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनवर, म्हणजे बंदुकीत चढवायच्या गोळ्यांच्या डब्यावर, बंदी घालून काही साधते काय, हा वाद आमच्या चावडीवरही रंगतो, कारण मोबाइल सर्वांच्याच हातात आहे. दुनाळी वापरणाऱ्याला त्या वादाचा गाभा चटकन कळतो, कारण वाद आहे तो याच उसंतीविषयी. ती उसंत माणसे वाचवते, याचे ढळढळीत उदाहरण ८ जानेवारी २०११ चे आहे. अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे अमेरिकी संसदेच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत एकाने ३३ गोळ्यांचे मॅगझिन रिकामे केले, सहा जण मरण पावले, आणि तो दुसरे मॅगझिन चढवू लागला तेव्हाच जवळच्या लोकांनी त्याला खाली पाडले. मॅगझिन दहाचे असते तर ती संधी कितीतरी आधी मिळाली असती. उलट बाजूही आहे. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचा बळी घेणाऱ्याकडे १० आणि १५ गोळ्यांची मॅगझिने होती. त्याने ती पुष्कळ बाळगली होती आणि बंद वर्गखोल्यांत त्याला अडवणारे कोणी नव्हते. उसंत मिळाली तरी तिचा लाभ घेणारा माणूस हाताच्या अंतरावर असावा लागतो. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या आणि ६० माणसे दगावली. तेथे हल्लेखोरापर्यंत कोणाचाही हात पोहोचणे शक्य नव्हते, पण शंभर-शंभर गोळ्यांची मॅगझिने नसती तर त्या दहा मिनिटांत गोळ्या खचितच कमी सुटल्या असत्या आणि मैदानातील लोकांना पळायला मधली उसंत मिळाली असती.

म्हणून मर्यादा निरुपयोगी आहे असे मला वाटत नाही. ती कशी घातली जाते, यावर सारे अवलंबून आहे, आणि अमेरिकेने १९९४ मध्ये ती फार वाईट रीतीने घातली. त्या वर्षीच्या संघीय कायद्याने दहाहून अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझिनांवर बंदी आली, मात्र आधी बनलेली मॅगझिने बाळगण्यास आणि विकण्यासही मुभा राहिली. बाजारात आणि घराघरांत त्यांचा अमाप साठा होता. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला हा प्रकार. २००४ मध्ये मुदत संपून कायदा गेला, तोवर त्याचा परिणाम नीट मोजता येईल इतका दिसलाच नव्हता, आणि अभ्यासकांनी त्याचे एक मुख्य कारण म्हणून या जुन्या साठ्याकडेच बोट दाखवले. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशी बंदी असलेल्या राज्यांत सर्वाधिक जीवितहानीच्या गोळीबारांचे प्रमाण कमी आढळले. या दोन निष्कर्षांत मला विसंगती दिसत नाही. रोजच्या भांडणांत, दरोड्यांत आणि आत्महत्यांत बहुधा मोजक्याच गोळ्या सुटतात, त्यामुळे मॅगझिन दहाचे की तीसचे याने त्यांत फारसा फरक पडत नाही. फरक पडायचा तो गर्दीवरच्या गोळीबारातच पडतो.

न्यूझीलंडचा अनुभव अधिक बोधक आहे. तेथे साध्या परवान्यावर अर्धस्वयंचलित (चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप चढणाऱ्या) रायफलीला सात गोळ्यांची मर्यादा आधीपासून होती, पण मोठे मॅगझिन सुटे विकत घ्यायला परवाना लागत नसे. मर्यादा कागदावर आणि डबा दुकानात. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसे मारली गेली, त्यानंतर महिनाभरातच कायदा बदलला आणि सरकारने भरपाई देऊन पन्नास हजारांहून अधिक शस्त्रे परत घेतली. साठा परत घेण्याची तयारी असेल, तरच बंदीला अर्थ आहे, हे त्यांनी ओळखले.

मॅगझिन म्हणजे शेवटी पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा आणि एक स्प्रिंग. त्यावर क्रमांक नसतो, त्याची नोंद नसते. याच्याशी आपल्याकडची स्थिती ताडून पाहावी. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि जादा शस्त्र वर्षभरात जमा करायला सांगितले. ते करता आले, कारण प्रत्येक बंदुकीचा क्रमांक परवान्यावर आणि सरकारी नोंदीत होता. शिवाय अर्धस्वयंचलित रायफली आपल्या कायद्यात बहुतांशी निषिद्ध वर्गातच मोडतात; सामान्य परवानाधारकाला रायफल मिळते ती बहुधा प्रत्येक बारानंतर बोल्ट ओढावी लागणारी ०.३१५ बोअरची. मोठ्या मॅगझिनचा वाद आपल्याकडे फारसा उद्भवत नाही, कारण तो ज्या रायफलींबरोबर येतो त्या बहुतांशी बाजारात उतरूच दिल्या नाहीत. आपली अडचण वेगळी आहे: गुन्ह्यांत सापडतो तो विनापरवाना देशी कट्टा, तो बहुधा एका गोळीचाच असतो आणि कोणत्याही मर्यादेत न बसता माणूस मारतो.

तेव्हा पीक राखण्यासाठी बंदूक घेणाऱ्याला माझी शिफारस दुनाळीचीच राहील. एकट्या वाडीवर, आजूबाजूला जागल नसलेल्या आणि समोर मोकळे माळरान असलेल्या शेतकऱ्याने पंप अ‍ॅक्शन घेतली तर मी त्याला नावे ठेवणार नाही, परंतु दाट तुरीच्या आणि लगतच्या मचाणांच्या शिवारात ती नको. जुनी दुनाळी विकत किंवा वारशाने घेताना नळ्या बंद करून हलवून पाहाव्यात, बिजागरीत खेळ जाणवला तर ती प्रथम कारागिराकडे न्यावी. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर काडतूस-घराची लांबी कोरलेली असते, तीही वाचून घ्यावी, कारण ६५ मिलिमीटरच्या जुन्या घरात आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस पुष्कळदा सहज बसते, मात्र ते उडवणे धोक्याचे असते.