नॅन्टनचं बॉम्बर कमांड म्युझियम: बाबांना घेऊन जाण्यासारखी जागा

इथे कॅनडात, कॅलगरीला आलेल्या पाहुण्यांना आपण बॅन्फच्या डोंगरांत नेतोच. माझं ऐकाल तर एक दिवस दक्षिणेकडे, तासाभरावरच्या नॅन्टनला द्या. गाव एवढंसं, पण तिथल्या म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर विमान उभं आहे. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते त्या विमानाखालून हलायलाच तयार नव्हते.

हे विमान कॅनडातच, ओंटारिओमधल्या माल्टनच्या कारखान्यात तयार झालं. 1960 मध्ये नॅन्टनच्या तिघांनी ते भंगारात जाण्याआधी 513 डॉलरना विकत घेतलं. पुढे कितीतरी वर्षं ते हायवेलगत ऊनपावसात उभं होतं. आता त्याची चारही मर्लिन इंजिनं स्वयंसेवकांनी पुन्हा चालती केली आहेत. "सुटे भाग कुठून आणले असतील गं यांनी?" हे बाबांनी मला इतक्यांदा विचारलं की शेवटी तिथल्या एका आजोबांना गाठून दिलं. पुढचा तासभर दोघं हातवारे करत वंगण आणि गॅस्केटवर बोलत होते.

मी मात्र अडकले ती विमानावरच्या F2-T या अक्षरांपाशी. इयन बॅझलगेट या वैमानिकाच्या विमानावर हीच अक्षरं होती, त्याच्या आठवणीसाठी ती इथल्या विमानावर रंगवली आहेत. जन्म कॅलगरीचा, 1918 चा, वाढला इंग्लंडमध्ये. 4 ऑगस्ट 1944 ला तो फ्रान्समधल्या त्रोसी-सँ-माक्सिमँच्या, जर्मनांच्या उडत्या बॉम्बच्या कोठारावर हल्ल्याला गेला. मागून येणाऱ्या विमानांना लक्ष्य दिसावं म्हणून आधी तिथे खुणेचे बॉम्ब टाकायचे, हे त्याचं काम. लक्ष्याजवळ तोफांच्या माऱ्यात उजवीकडची दोन्ही इंजिनं गेली, पंख पेटला. तरी त्याने खूण टाकलीच. मग डावीकडचं आतलं इंजिनही बंद पडलं. त्याने सगळ्यांना उड्या टाकायला सांगितलं आणि चौघं उतरले. पण एक सहकारी गंभीर जखमी होता, दुसरा धुराने बेशुद्ध पडला होता. या दोघांना उडी मारणं शक्यच नव्हतं, म्हणून बॅझलगेटनेही मारली नाही. सेनान्त गावाजवळच्या शेतात त्याने ते जळतं विमान उतरवलंसुद्धा. मग स्फोट झाला आणि तिघेही गेले. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान मिळाला, मरणोत्तर.

हे वाचून मी विमानाच्या नाकाखाली गेले. बाहेर पडायचं दार तिथे, पोटात आहे. रुंदी जेमतेम 22 इंच. अंगावर जाड कपडे, पॅराशूट, भोवती अंधार, आणि विमान कोसळतंय. लँकेस्टरमध्ये माणसं सात, वैमानिक एकच. त्याने सुकाणू सोडलं तर बाकीच्यांना दारापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नसे. म्हणून वैमानिक बहुधा शेवटी निघायचा, किंवा निघायचाच नाही. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ते दार डोळ्यांनी पाहणं वेगळं.

बाहेर काळ्या ग्रॅनाइटची भिंत आहे. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विमानांच्या विभागात, मेलेल्या दहा हजारांहून जास्त कॅनेडियनांची नावं तिच्यावर कोरलेली आहेत. या बॉम्बनी जर्मन शहरांत सामान्य माणसंही मेली, तो विचार मनातून जात नाही आणि जाऊही नये. तरीही ही नावं वाचताना मला त्या मुलांचा राग आला नाही. बहुतेकांचं वय माझ्या धाकट्या भावाएवढं.

मुलं दहा वर्षांच्या पुढची असतील तर जरूर न्या. किमान तीन तास हाताशी ठेवा. भिंतीपाशी वारा बोचतो, जॅकेट विसरू नका. आणि इंजिनं सुरू करतात तो दिवस आधी बघून त्या बेतानेच जा. आम्ही बाबांसाठी पुन्हा जाणार आहोत, खास त्या आवाजासाठी.