हॅन्डल 280 रुपयांचं, गेले 18,500

हॅन्डल फिरवून उघडायच्या खिडक्या नागपुरात फारशा नाहीत, म्हणूनच लिहिते आहे. ज्यांच्याकडे आहेत, त्यांना असाच कुणीतरी गाठेल.

आमच्या मनीषनगरच्या घरात अशा पाच आहेत. जूनमध्ये सासूबाईंच्या खोलीतलं हॅन्डल नुसतंच गरगर फिरायला लागलं. झडप अर्धी उघडी, बाहेर पाऊस, आत 82 वर्षांची बाई. नेहमीच्या सुतारानं हात वर केले, म्हणून नेटवरून नंबर काढला. अशा वेळी कुणीही तेच केलं असतं.

माणूस आला, बोलायला गोड. आता जे सांगते ते नीट वाचा. त्यानं शेजारच्या खिडकीचं हॅन्डल काढून या खिडकीला लावलं आणि फिरवलं. झडप चांगली चार बोटं आत आली. मी स्वतः पाहिली. त्यानं लगेच हॅन्डल उपसलं नि म्हणाला, "काकू, आतली मशीनच गेली जी. पाचही बदलवा लागतील."

दुसऱ्या हॅन्डलनं झडप हलली, म्हणजे आतला गिअर, त्याच्या भाषेत "मशीन", शाबूत. झिजले होते ते फक्त पहिल्या हॅन्डलच्या आतले दाते. एवढं साधं होतं ते, आणि मी समोर उभी राहून मान डोलावली. आजही रात्री ती चार बोटं आठवतात.

पाचही मशिनी तो "मॅचिंगला" घेऊन गेला. (जुना भाग घराबाहेर जाऊ देऊच नका. न्यायचाच म्हटला तर आधी त्यावर खूण करा, फोटो काढा.) दोन दिवस झडपा तारेनं बांधून काढले. मग चकचकीत मशिनी आल्या. 3,200 प्रमाणे पाचांचे 16,000, मजुरी 2,500. दहा हजार यूपीआयनं, 8,500 रोख. "बिल पायजे असंन तं 18 टक्के जीएसटी लागंन." 3,330 रुपये वाचवायला मी बिल सोडलं.

जिन्यातली खिडकी आम्ही दिवाळीच्या सफाईलाच उघडतो. उघडायला गेले, तर हॅन्डल गरगर! झिजलेलं हॅन्डल त्यानं तिथे लावलं होतं नि तिथलं चांगलं सासूबाईंच्या खोलीत. इतवारीतल्या एका जुन्या मिस्त्रीनं मशीन खरवडली. चंदेरी स्प्रेखाली आमच्याच भिंतीच्या मोतिया रंगाचा थेंब निघाला. आमचीच मशीन आम्हाला विकली होती. नवं हॅन्डल 280 रुपयांत बसलं.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. "दिवाणी बाब आहे, ताई." जुना माल रंगवून नवा म्हणून विकणं दिवाणी कसं? पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318, मग ते कशासाठी आहे? 1930 या सायबर हेल्पलाइनवर म्हणाले, माणूस घरी आला होता, हे सायबर नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पुढे विचारलं, दुकानाचा पत्ता? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतोच. तो ज्यांनी शोधायचा ते मलाच म्हणतात, तुम्ही आणा. यूपीआयवर त्याचं नाव आहे, बँक आहे, मोबाईल नंबर आहे. आणखी काय आणू?

पोलीस म्हणतात, नंबर बंद येतो. गेल्या आठवड्यात जावेच्या फोनवरून लावला. पहिल्याच रिंगला उचलला आणि विचारलं, "किती खिडक्या हायेत?"