स्मरणिकेसाठी फुकट फोटो: कॉमन्स बरं की अनस्प्लॅश-पिक्साबे?

मी कोल्हापुरात मंडळांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांच्या दिनदर्शिका मांडून देतो. फोटोग्राफर लावण्याएवढं बजेट बहुतेकांकडे नसतं आणि गूगलवरून उचललेला फोटो मी छापत नाही. मग वाटा दोनच उरतात. एकीकडे अनस्प्लॅश, पिक्साबे, पेक्सेल्स या फुकट फोटोंच्या साइट आणि दुसरीकडे विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाच्याच संस्थेचा खुल्या परवान्याच्या फोटोंचा साठा.

देखणेपणात पहिली वाट सरस आहे, हे आधीच मान्य करतो. पावसाचे थेंब, पुस्तकांची चळत, धुक्यातली टेकडी असं काही पार्श्वभूमीला हवं असेल तर दोन मिनिटांत काम होतं, नाव छापायची सक्तीही नाही. कॉमन्सवर तेच शोधायला बसलात तर काळपट, तिरके, कोपऱ्यात तारीख उमटलेले बरेच फोटो आधी चाळावे लागतात.

आमच्याकडे मात्र विषय बहुतेक वेळा गावाचाच असतो. भवानी मंडप, खासबाग, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, असं नेमकं काहीतरी. तिथे कॉमन्सनं मला जास्त साथ दिली. शोधपेटीच्या नादी लागू नका. कोल्हापूरच्या वर्गात शिरा आणि एकेक उपवर्ग उघडत जा.

तरी माझा निर्णय झाला तो एका कटकटीमुळे. एका संस्थेच्या स्मरणिकेला मुखपृष्ठासाठी मी फुकट फोटोंच्या एका साइटवरचा (नाव घेत नाही) तळ्याचा फोटो घेतला होता. वर्षभरानं पुन्हा प्रती काढायच्या ठरल्या. नव्या सचिवांनी विचारलं, "ह्या फोटोची परवानगी कुठं आहे?" जपून ठेवलेला दुवा उघडला, तर पानच गायब. टाकणाऱ्यानं काढलं की साइटनं, कळायला मार्ग नाही. माझ्या हातात फक्त उतरवलेली फाइल, नावात नुसते आकडे. सचिवांचं चुकलं नव्हतं. मुखपृष्ठ बदललं, प्लेटा नव्यानं काढल्या.

कॉमन्सवर प्रत्येक फाइलीच्या पानावर छायाचित्रकार आणि परवाना दिलेला असतो, खाली कोणी कधी चढवली याचा इतिहास. फ्लिकर या फोटोंच्या साइटवरून आणलेल्या फोटोंवर, त्या दिवशी तिथे कोणता परवाना होता हे सांगकाम्यानं (आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामनं) तपासल्याची नोंद बहुधा सापडते. एखादी फाइल काढून टाकली, तरी ती कोणी, केव्हा, का काढली हे राहतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (ठरावीक अटींवर कुणालाही वापराची मोकळीक देणारा तयार परवाना) एकदा दिला की मागे घेता येत नाही, आणि व्यापारी वापराला मनाई असलेला परवाना तिथे चालतच नाही. सचिवांपुढे ठेवायला मला हेच हवं होतं.

उलट बाजूला परवाना साइटचा स्वतःचा. अनस्प्लॅश आणि पिक्साबे दोन्ही आधी सीसी झिरोवर, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच, श्रेयाचीही अट नसलेल्या मोकळिकीवर होते. अनस्प्लॅशनं २०१७ मध्ये आणि पिक्साबेनं २०१९ मध्ये आपापला परवाना आणला, म्हणजे फोटो केव्हा उतरवला हेही आपणच जपायचं. शिवाय फोटो जसाच्या तसा विकायला तिथे मनाई आहे. विक्रीच्या दिनदर्शिकेला मी म्हणून कचरतो. तुमचं काम मोफत वाटपाचं असेल तर ही अडचण कदाचित येणारही नाही.

कॉमन्सच्या बहुतेक फोटोंना श्रेय द्यावं लागतं, त्याला लोक उगाच घाबरतात. नाव, परवाना, दुवा, एवढंच. मी शेवटच्या पानावर आठ पॉइंटात 'छायाचित्र सौजन्य' म्हणून देतो. बाय-एसए (श्रेय द्या आणि बदल त्याच परवान्यानं खुला ठेवा, अशा परवान्याच्या) फोटोत फेरफार केलात, तर तो बदललेला फोटो त्याच परवान्यानं खुला राहतो. अख्खी स्मरणिका खुली करावी लागत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. त्यानंतर माझ्या जुन्या हार्ड डिस्कवरचे, आगीच्या आधीचे दर्शनी बाजूचे फोटो मी शोधून काढले आणि कॉमन्सवर चढवले. कुणाला छापायचे असतील तर खुशाल घ्या, खाली तेवढी श्रेयाची ओळ टाका.